भाऊजींची दुर्बीण

भाऊजी गेल्याचं मला नागपूरला सदर भागात कळलं, चहाच्या दुकानात. त्यांच्या गावाकडचा एक कापसाचा दलाल समोर येऊन बसला अन् म्हणाला, "मास्तर, तुमचे भाऊजी सकाळीच गेले जी. वाघासारखा माणूस." मी चहा संपवला आणि मग उठलो. रडू आलं नाही. आता महिना उलटून गेला, तरी आलेलं नाही. शोकसभेत मात्र पुष्कळांचे डोळे ओले झाले. एका वकिलांनी तर भाऊजींना 'अचूक नेमबाज' म्हटलं, आणि मला मान खाली घालून बसावं लागलं... त्या एका शब्दापायी हे लिहितो आहे.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, सावनेरकडच्या एका गावाचे मालगुजार, म्हणजे जमीनदार. दिसायला रुबाबदार, आवाज भरदार, आणि डोकं संपूर्ण रिकामं. बैलाच्या दुखण्यापासून विलायतेतल्या राजकारणापर्यंत त्यांना सगळं कळत असे. फक्त कुठलीही गोष्ट करून पाहायचा कंटाळा होता. मी शाळामास्तर, म्हणून मला 'मास्तर' म्हणत, पण पाणक्याला हाक मारावी त्या सुरात. कॉलेजात असताना विद्यार्थ्यांच्या पलटणीत मी रायफल चालवायला शिकलो होतो, हे त्यांना माहीत होतं. ते त्यांना आवडत नसे.

दुसरी मोठी लढाई सुरू होण्याच्या आधीच्या हिवाळ्यात त्यांनी कलकत्त्याहून रायफलीवर बसवायची दुर्बीण मागवली. जर्मन माल, वीतभर लांब, आत बारीक तारांची फुली. एका बड्या साहेबाला शिकारीला बोलावलं होतं आणि त्याच्यासमोर ती मिरवायची होती. बसवायला मला बोलावलं. बोलावलं कसलं, फर्मावलं.

मी दोन दिवस त्या कामात घालवले. नळीवर दुर्बिणीचा पाया घट्ट आवळला, कड्यांत दुर्बीण बसवली. मग रायफल वाळूच्या थैल्यांत रोवून तिचा बोल्ट काढला आणि मागून नळीतून आरपार पाहिलं. समोर गोठ्याच्या भिंतीवर चुन्याचा ठिपका काढला होता. तो नळीच्या मधोमध आला, तेव्हा रायफल जराही न हलवता दुर्बिणीचे स्क्रू फिरवत गेलो, फुली त्याच ठिपक्यावर येईपर्यंत. ही झाली नुसती तोंडओळख. खरं काय ते गोळीच सांगते. गावाबाहेर मातीच्या बांधाला कागद लावून फैरी झाडल्या. पहिल्या गोळ्या हातभर डावीकडे गेल्या. स्क्रू थोडे फिरवले, पुन्हा झाडल्या. संध्याकाळी शेवटच्या तीन गोळ्यांची भोकं एका वाटीखाली झाकली जात होती. एवढा वेळ भाऊजी आरामखुर्चीत बसून सुपारी कातरत होते. "मास्तर, फटाके संपले का?" एवढंच त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी साहेब आला. भाऊजींनी ओट्यावर बसून सगळ्यांच्या देखत दुर्बीण रायफलीवरून उतरवली आणि साहेबाला तळ्यावरचे बगळे दाखवले. मग साहेबाच्या मडमेला दाखवले. मग फौजदाराला. सगळ्यांचे बगळे पाहून झाल्यावर दुर्बीण परत बसवली, आणि स्क्रू आवळले ते अडकित्त्याच्या टोकानं. हे मी डोळ्यांनी पाहिलं. मी बाजूला घेऊन म्हणालो, "भाऊजी, दोन गोळ्या झाडून पाहू या. निशाण सरकलं असेल."

"कड्या त्याच, स्क्रू तेच, मग निशाण काय पायी चालत जाते?" ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. साहेब हसला. भाऊजींना दुसरं काय हवं होतं.

रानात हाकाऱ्यांनी आरडाओरडा करत हाका घातला, त्यात बिबट निघाला. भाऊजींच्या मचाणापुढे चाळीसेक पावलांवर, आडवा, अगदी निवांत उभा राहिला. शेजारच्या मचाणावरून मी पाहत होतो. एवढ्या अंतरावरून दगडसुद्धा चुकला नसता. भाऊजींनी सावकाश नेम धरला, गोळी झाडली, ती बिबटाच्या मागच्या मांडीत घुसली आणि तो घाणेरीच्या जाळीत शिरला.

"मेला," भाऊजी वरून म्हणाले. "दुखरू, जा रे, ओढून काढ."

दुखरू हा त्यांच्या गावचा गोंड, हाकाऱ्यांचा म्होरक्या. तो जागचा हलला नाही. "मालक, त्याले थंडा तर होऊ द्या. आत गुरगुरून राहिला तो."

मी ओरडून सांगितलं, कोणी आत जाऊ नका, तासभर थांबा. पण साहेब घड्याळ पाहत होता. "तुझ्या बापानं कधी मालकाले असं उत्तर देल्लं होतं का?" भाऊजींनी विचारलं. दुखरूनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि कुऱ्हाड घेऊन जाळीकडे गेला. मी छऱ्याची बंदूक घेऊन मचाणावरून उडी टाकली. मी पोचलो तेव्हा बिबटानं त्याचा उजवा हात खांद्यापाशी धरला होता. बिबटाच्या कानाला नळी लावून मला बार काढावा लागला.

सगळं शांत झाल्यावर भाऊजी शिडीनं उतरले. धोतर झटकलं. रक्तात पडलेल्या दुखरूला वळसा घालून बिबटाजवळ गेले आणि मला म्हणाले, "इतक्या जवळून कशाले मारलं? डोक्याच्या कातड्याची खराबी केली ना."

दुखरू वाचला. हात गेला. नागपूरच्या दवाखान्यात मी त्याच्या खाटेशी बसलो होतो, तेव्हा छताकडे पाहत तो म्हणाला, "तळ्यावरचा बगळा दिसते म्हणे त्या दुर्बिणीतून. मी त खालीच उभा होतो जी..." भाऊजी त्याला पाहायला एकदाही आले नाहीत. बैठकीत मात्र गोष्ट रंगत गेली. बिबट आठ फुटांचा झाला, गोळी काळजात बसली, आणि बक्षिसाच्या लोभानं दुखरू आपणहून आत धावला. एकदा पाहुण्यांची पंगत बसली असताना ताई वाढायला आली, आणि भात वाढता वाढता शांतपणे म्हणाली, "तो नाही धावला. यांनीच धाडलं त्याले." कोणी वर पाहिलं नाही. भाऊजी हसले. "बायकांले जंगलातलं काय समजते," म्हणाले आणि गोष्ट पुढे चालू झाली.

त्या पंगतीच्या दुसऱ्याच दिवशी दुखरूला ताईनं आमराईच्या राखणीवर ठेवलं, यजमानांना न विचारता. त्यांनीही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं, आणि तेवढी छाती त्या भरदार माणसात नव्हती.

परवा ताईकडे गेलो होतो. दुपारी तिनं मला वाढलं, स्वतःही समोर पान घेऊन बसली. वरणाचा पहिला घास अळणी. भाजीही तशीच. मी म्हणालो, "ताई, मीठ विसरलीस काय वं?"

ती म्हणाली, "विसरली नाही. हे पानावर बसले की घास तोंडात घालायच्या आधीच म्हणायचे, मीठ कमी आहे. चिमूटभर वरून घ्यायचेच. मग खारट झालं की ताट लोटून द्यायचे... म्हणून मी कमीच टाकत गेली. पंचवीस वर्षांत हात तसाच बसला."

मी मिठाची वाटी तिच्याकडे सरकवली. तिनं ती घेतली नाही. तसंच अळणी वरण भातावर ओतून ती खाली मान घालून जेवत राहिली.