बाकीचं घरात आहे

सासूबाईंनी चार वस्तू सांगितल्या, मीठ, कांदे, दूध, कोथिंबीर, आणि झालं म्हणून हात मांडीवर ठेवले. सुपरमार्केटमध्ये काय काय मिळतं ते एका मिनिटात सांगा, असा प्रश्न होता. डॉक्टरीणबाईंचा तो जर्मन प्रश्न मी मराठीत नीट विचारला होता. उरलेली चाळीस सेकंदं डॉक्टरीणबाई, मी आणि माझा नवरा घड्याळाकडे बघत बसलो.

त्याआधी दहा शब्द ऐकून त्यांना तीनच आठवले होते. आकडे अक्षरात लिहायचा कागद तर त्यांनी कोराच परत दिला. त्या कधी शाळेत गेल्याच नाहीत. गावोगाव बांगड्या भरून त्यांनी मुलाला शिकवलं, आणि आखनच्या विद्यापीठात डॉक्टरेट केलेला तो मुलगा आता कोपऱ्यात तोंड पाडून बसला होता. इथे राहायला आलेली आई गेल्या महिन्यात दोनदा चुकीच्या स्टेशनवर उतरली म्हणून त्यानेच ही विसरभोळेपणाची तपासणी ठरवली. रिपोर्ट वाईट आला तर गावातलं घर बंद करून तिला कायमचं इथे ठेवायचं, हेही त्यानेच ठरवलं. सासूबाईंना ते कळल्यापासून जेवण जात नव्हतं. मला त्याचा संताप यायचा, पण मीही त्याला अडवलं नव्हतं.

डॉक्टरीणबाई गुण मांडायला लागल्या आणि माझं डोकं फिरलं. इथल्या उंटरश्लाइसहाइम गावातल्या कंपनीत मी सॉफ्टवेअर तपासते. टेस्ट फेल झाली की आधी टेस्टच धड आहे का ते बघायचं, ही आमची रोजची रीत. मी विचारलं, अहो आई, चारच का?

"बाकीचं घरात आहे की," त्या म्हणाल्या. "उगाच कशाला आणायचं?"

मी ते जर्मनमध्ये सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "आल्झो, बरं तर," त्या म्हणाल्या, हा कागद शाळेत गेलेल्यांना डोळ्यांपुढे ठेवून केलाय. विचारणाऱ्याला उत्तर माहीत असतं, तरी आपण घडाघडा सांगायचं, ही सवय वर्गात लागते. मग त्यांनी मला विचारलं, यांना काय लक्षात ठेवायची सवय आहे?

मी म्हटलं, मागण्या. कोणाला कुठल्या बांगड्या हव्यात ते त्यांनी जन्मात कधी लिहून ठेवलेलं नाही.

त्या बाईंनाही हुरूप आला. त्यांनी दहा रंग सांगितले, मी सासूबाईंच्या गावातली दहा घरं जोडली. सरपंचांकडे हिरव्या, शिंप्याच्या सुनेला जांभळ्या, असं करत दहा नव्याकोऱ्या मागण्या मी एकदाच ऐकवल्या. नंतर डॉक्टरीणबाईंनी गुडघे ठोकले, डोळे तपासले, चालायला लावलं. त्यात वीस मिनिटं गेली.

मग विचारलं. सासूबाईंनी पदर सावरला आणि गावात शिरल्यासारख्या एकेक घर घेत निघाल्या. दहाच्या दहा. शिंप्याच्या घरापाशी फक्त थांबल्या. "तिला जांभळा रंग आवडत नाही. तुम्ही सांगितला म्हणून सांगते."

मला हसू आणि रडू एकदमच आलं. डॉक्टरीणबाई मात्र नवऱ्याकडे वळल्या आणि अगदी गंभीरपणे म्हणाल्या, आता तुम्ही सांगा. त्यानेही सगळं ऐकलं होतं. बोटं मोजत त्याने सहा सांगितल्या, सातवीला सोनाराच्या घरी लाल दिल्या.

"पिवळ्या," सासूबाई म्हणाल्या.

स्टेशनांचं काय, असं त्याने बारीक आवाजात विचारलं. ज्यांना पाट्या वाचता येत नाहीत त्या कधीतरी चुकीच्या ठिकाणी उतरणारच, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि काळजीचं काही दिसत नाही, एकटं राहायला हरकत नाही, असं त्यांनी लिहून दिलं. मी ते शब्दन् शब्द मराठीत सांगितलं, दोनदा, कारण मलाच ते पुन्हा ऐकायचं होतं.

बाहेर बसथांब्यावर नवऱ्याने फोन काढला आणि आईच्या परतीच्या विमानाच्या तारखा बघायला लागला. सासूबाई त्याच्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघत होत्या.

"दिवाळीच्या आधीचं काढ," त्या म्हणाल्या. "आणि वाटेच्या कडेची जागा घे. माझ्यामुळे कोणाला उठायला लागायला नको."