प्रधानाला चारच नखं

चिनी राजवस्त्रांची जेवढी काळजी माझ्या मैत्रिणीच्या बाबांना आहे, तेवढी खुद्द चिनी बादशहालाही नसावी. सगळी हयात त्यांनी सोलापूरच्या एका गिरणीत, रंगखात्यात काढली. निवृत्तीनंतर ते दर वर्षी तीन महिने लेकीकडे जपानात, निशी-कसाईला येतात. बाकीचे पाहुणे फुजी पर्वत बघतात. हे संग्रहालयातल्या एकाच चिनी झग्यापुढे अख्खी दुपार उभे राहतात. तिथला रखवालदार आता त्यांना पाहून स्वतःहून खुर्ची आणतो. रंगावरून माणसाची पायरी ठरवायची तर त्यांना खोडच आहे. थांग राजवटीत जांभळा सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांचा, मग लाल, मग हिरवा आणि शेवटी निळा, हे त्यांनी मला स्टेशनच्या सरकत्या जिन्यावर समजावलं आणि पुढच्या निळ्या सुटांच्या रांगेकडे पाहून म्हणाले, "सगळे कारकून." माझाही कोट निळाच होता. एकदा आमच्या ऑफिसातल्या तानाका-सान साहेबांच्या गळ्यात जांभळा टाय पाहून काका इतके लवून वाकले, की बिचारे साहेबही पुन्हापुन्हा वाकत राहिले आणि आमची गाडी चुकली.

यंदा नातीच्या शाळेत चिनी दरबाराचं नाटक होतं. वर्गातली एक चिनी मुलगी बादशहा, ही प्रधान. आईने ऑनलाइन निळा झगा मागवला, त्यावर नऊ ड्रॅगन. काकांनी चष्मा लावून एका ड्रॅगनची नखं मोजली आणि मटकन खाली बसले. पाच नखांचा ड्रॅगन बादशहाचा, प्रधानाला चारच. म्हणजे भर दरबारात आपली नात बंड करून उठणार. नाटक दुसऱ्याच दिवशी होतं. लेक आणि तिच्याबरोबर मी ऑफिसातून घरी येईपर्यंत त्यांनी छोट्या कात्रीने एकेक नख उसवायला घेतलं होतं. तिसऱ्या ड्रॅगनला धागा ओढला गेला आणि अख्खा पायच सुटून आला.

नात रडायला लागली. लेक वैतागून म्हणाली, "बाबा, उद्या नाटक आहे तिचं. कोण मोजणार होतं नखं?"

"ज्यांचा बादशहा आहे ते मोजतील," काका म्हणाले आणि सुई-दोरा ओवायला माझ्याकडे दिला. जेवणाची पानं वाढेपर्यंत त्यांनी तो पाय हाताने पुन्हा भरला. नववा ड्रॅगन झग्याच्या आतल्या पदरावर असतो, कुणाला दिसतही नाही. त्याचंही पाचवं नख त्यांनी ठेवलं नाही.

नाटक झक्क झालं. मग त्या चिनी मुलीची आजी पुढे आली, वाकली आणि बोटाने नखं मोजू लागली. एका पायाला चार, दुसऱ्याला चार. तिने आतला पदरही उचलून पाहिला आणि आपल्या नातीकरवी विचारलं, हे कुणी केलं? आमच्या प्रधानाने आजोबांना हाताला धरून पुढे आणलं. आजीबाई त्यांच्यापुढे कमरेत वाकल्या. एरवी जांभळा टाय पाहूनही लवणारे काका या वेळी नुसते ताठ उभे राहिले.

गेल्या आठवड्यात ते सोलापूरला परत गेले. विमानतळावर मी त्यांना औषधं वेळेवर घ्या, पोचल्यावर फोन करा, सगळं बजावलं. काका, तुमचा फार अभिमान वाटतो, एवढंच सांगायचं राहून गेलं.