पहिला निरोप धसईला

माणसांची हजेरी घेणाऱ्या बाया पुष्कळ पाहिल्या, यंत्रांची हजेरी घेणारी मात्र एकच. शहापूरला आमच्या संस्थेच्या मुख्य कार्यालयात मॅडम सकाळी चहालाही हात लावायच्या नाहीत. आधी कॉम्प्युटर उघडून मोठ्याने नावं घ्यायच्या. मुरबाड हजर, म्हसा हजर, धसई गैरहजर! सगळ्या केंद्रांच्या मिटिंगच्या खोल्यांतले पडदे, कॅमेरे, माइक चालू आहेत ना, हे बघणं त्यांचं काम. आम्ही पाठीमागे त्यांना हजेरीबाई म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं आणि मला वाटतं, आवडतही होतं.

मी धसईच्या केंद्रात कामाला. आमचा पडदा नुसता मिटिंगसाठी नव्हता. दर मंगळवारी शहरातल्या डॉक्टरीणबाई त्यावरून सिद्धगडाखालच्या पाड्यांवरच्या गरोदर बायांशी बोलायच्या. तो नसता तर त्या बायांना पोट सांभाळत एसट्या बदलत जावं लागलं असतं, म्हणजे बहुतेक जणी गेल्याच नसत्या.

यंत्र बंद पडलं की शहापूरला फोनवर आपोआप निरोप जावा, अशी सोय हजेरीबाईंनी केली होती. "बंद पडलेलं यंत्र बोंब मारत नाही गो," त्या म्हणायच्या, "त्याच्या वतीने कुणीतरी मारायला हवी." पण धसईची बोंब रोज संध्याकाळी उठायला लागली. शहापूरचे साहेब वैतागले आणि त्यांनी धसईचे निरोपच बंद करून टाकले. मग एका मंगळवारी यंत्र खरोखरच बंद पडलं. कुणाला वेळेत कळलंच नाही, डॉक्टरीणबाई वाट बघून निघून गेल्या. पुन्हा एकदा तसंच झालं, तेव्हा साहेबांनी फर्मान काढलं, धसईला कदर नाही, यंत्र उचला. आमच्या तोंडचं पाणीच पळालं.

हजेरीबाई म्हणाल्या, आधी मी जाऊन बघते. एसटीने आल्या आणि दिवसभर केंद्रात नुसत्या बसून राहिल्या. संध्याकाळी झाडलोट करणाऱ्या वेणूकाकींनी कुलूप लावायच्या आधी मेन स्विच खाली ओढला, तेव्हा कुठे त्यांनी तोंड उघडलं. काकींना विचारलं, हे रोज करता का?

"करनारच ना. इजा कडाडतात, आमच्या पाड्यावर एकाचं घर पेटता पेटता ऱ्हायलं. लाइट चालू ठेवून मी घरी जानार नाय."

आता काकींची धडगत नाही, असं मला वाटलं. बाई म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. मीच शहापुरात बसून शहाणपणा केला."

तिथेच बसून त्यांनी सगळं बदललं. केंद्राला कुलूप असताना निरोप नाही. लाइट जाऊन लगेच आली तरी नाही. आणि पहिला निरोप शहापूरला नाही, माझ्या फोनवर. "ज्याचा हात प्लगला पोचतो त्याला आधी कळायला हवं." साहेबांना त्यांनी सांगितलं, चूक माझ्या मांडणीत होती, धसईची नाही. दुसऱ्यासाठी असं कोण अंगावर घेतं हो? यंत्र राहिलं.

त्या निवृत्त झाल्यावरची गोष्ट. एका मंगळवारी सकाळी मी बाजारात मेथी निवडत होते, तेवढ्यात फोन वाजला, धसई बंद. पिशवी तिथेच टाकून पळत सुटले. कुणीतरी मोबाइल चार्जिंगला लावायला आमचा प्लग काढला होता. मी तो पुन्हा लावला, आणि डॉक्टरीणबाई पडद्यावर वेळेवर आल्या. समोर आठवा महिना लागलेली एक पोर बसली होती. तिचे सुजलेले पाय बघून आणि रक्तदाबाचा आकडा ऐकून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गाडी बोलवा, आत्ताच्या आत्ता. बाळ-बाळंतीण दोघं वाचली.

हे सांगायला मी हजेरीबाईंना फोन केला. त्यांनी सगळं नीट विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "मला आता कसलेच निरोप येत नाहीत गो. सकाळ फार लांबते."

मी म्हटलं, मंगळवारी या. आल्या, आणि बाकावर पाड्यावरच्या बायांमध्ये बसल्या. ती पोरही बाळाला घेऊन आली होती. या कोण, तिने मला विचारलं.

"यांनी साहेबांपुढे चूक अंगावर घेऊन आपला पडदा राखला," मी म्हटलं.

ती उठली आणि तिने बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं.