बाभळीची साल आणि प्लायवूडचा सांधा

नव्वदीच्या मधल्या वर्षांत मी बी.एस्सी. झाले आणि वडशाजवळच्या एका लहानशा प्लायवूड कारखान्यात केमिस्ट म्हणून लागले. वडील चामोर्शीला शाळामास्तर. आमच्या घराण्यात पगाराची नोकरी करणारी मी पहिलीच मुलगी, त्यामुळे घरात कौतुक होतं आणि धाकधूकही होती. वडशाला मावसबहिणीकडे राहायची सोय झाली, तेव्हा कुठे आईचा जीव भांड्यात पडला.

प्रयोगशाळा म्हणजे बॉयलरमागची एक खोली. आत एक तराजू, एक शेगडी, काही काचेची भांडी आणि खिडकीत पाकोळ्यांचं घरटं. माझं काम ग्लूचं. सावरीच्या ओंडक्यांचे कागदासारखे पातळ पदर सोलले जात, ते पदर ग्लू लावून आडवे-उभे रचले जात आणि तापलेल्या प्रेसमध्ये दाबले जात. प्लायवूड म्हणतात ते हेच. ग्लू फेनॉल आणि फॉर्मलिनपासून शिजवायचा. डोळे चुरचुरायचे, घरी गेल्यावरही केसांना वास असायचा. पण काम मला आवडत होतं. शिजता शिजता ग्लू काठीवरून ज्या तऱ्हेने ओघळतो, त्यावरून तो झाला की नाही हे मला सहा महिन्यांत कळायला लागलं.

फेनॉल फार लांबून यायचं. एका पावसाळ्यात नदीच्या पुराने रस्ते बंद झाले, ट्रक अडकला आणि प्रेस आठवडाभर थंड पडली. तेव्हा मालक कुठलंसं मासिक घेऊन माझ्या खोलीत आले. झाडाच्या सालीतल्या टॅनिनपासून, म्हणजे तुरट द्रव्यापासून, परदेशात ग्लू करतात, असं त्यात होतं. मालक मूळचे व्यापारी, रसायनाचा त्यांना गंध नव्हता, पण नवं काही दिसलं की स्वस्थ बसवत नसे. शेजारच्या आरागिरणीमागे सालीचा डोंगर पडलाय, तो तुम्ही वापरून दाखवा, असं ते म्हणाले आणि मासिक टेबलावर ठेवून गेले.

मी हुरूपाने लागले. आरागिरणीमागून पोतंभर साल आणवली, बहुतेक येनाची. ऐनाला आमच्याकडे येन म्हणतात. लग्नाच्या जेवणावळीला वापरतात तशी मोठी लोखंडी कढई मागवून घेतली आणि आवारात तीन दगडांवर साल उकळायला ठेवली. दुपारपर्यंत पाणी शाईसारखं काळं झालं. मला वाटलं, अर्क चांगलाच उतरला. तो आटवला, फॉर्मलिन घातलं, ग्लू केला आणि चार फळ्या प्रेसमध्ये लावल्या.

प्रेसवर एक वयस्क मिस्त्री होते. सिरोंच्याकडचे, घरी तेलुगू बोलायचे, आमच्याशी हिंदीमिश्रित मराठी. त्यांनी प्रेस उघडली, फळी हातात घेतली आणि पुस्तकाची पानं उलटावीत तसे तिचे पदर एकेक करून उलटून दाखवले. आजूबाजूच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मी ग्लू पुन्हा केला, तिसऱ्यांदा केला. एकदा अर्काला दोन दिवसांत बुरशी आली, एकदा ग्लू भांड्यातच दगडासारखा बसला. मालकांनी मासिकाबद्दल विचारायचंही सोडून दिलं होतं.

त्या बायांमध्ये एक जण विनियर निवडायला होती. सोललेल्या पदरांमधले फाटके-गाठाळ वेगळे काढायचं तिचं काम. पन्नाशीच्या आतबाहेरची, ढिवराची, म्हणजे मासेमारी करणाऱ्या घरातली. गाव तिथून दोन कोसांवर, तलावाच्या पाळीला लागून. तिच्या बोलीत ळ नव्हता. ती काळ्याला कारा म्हणायची आणि जाळ्याला जारं. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत ती माझ्या कढईपाशी येऊन उभी राहिली. बोट बुडवून वास घेतला.

"मॅडम, येक सांगू का? रागावसान नाई ना?"

मी म्हटलं, सांगा.

"लोखंडात साल नाई शिजवत. कारी पडते. आन ही साल पावसानं धुतलेली हाये, इच्यात आता काई नाई."

तुम्हाला कसं माहीत, असं मी विचारलं, आणि विचारताना माझा आवाज जरा ताठ झाला असणार, कारण ती एक पाऊल मागे सरली. मग हळूहळू सांगितलं. नायलॉनची जाळी येण्याआधी सुती जाळी असायची. ती पाण्यात सडू नयेत म्हणून वर्षातून दोनदा सालीच्या पाण्यात शिजवायची. तिची सासू हे काम करायची आणि नंतर तीच करायला लागली. लोखंडाच्या भांड्यात शिजवलेलं जाळं काळं पडतं आणि लवकर तुटतं, हे त्यांच्याकडे लहान पोरींनाही ठाऊक होतं.

ती गेल्यावर मी खोलीत येऊन बसले. कॉलेजच्या प्रॅक्टिकलच्या वहीत मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं की लोहाचा क्षार टाकला की टॅनिनच्या द्रावणाला निळा-काळा रंग येतो. त्या प्रॅक्टिकलला मला पैकीच्या पैकी गुण होते. आणि मी तीच साल लोखंडात उकळून काळ्या पाण्यावर खूश झाले होते. लाज वाटली, आणि थोड्या वेळाने आपलं आपल्यालाच हसूही आलं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे गेले आणि पुस्तकी मराठी बाजूला ठेवून, घरी बोलते तशी बोलले. "बाई, मले शिकवता का?"

ती म्हणाली, आयतवारी घरी या.

रविवारी मी मावसबहिणीची सायकल घेऊन तिच्या गावी गेले. धानाच्या बांध्यांमधून रस्ता होता, लोंब्या भरत आल्या होत्या. तिचा नवरा तलावावर गेला होता. अंगणात तिने मातीचा मोठा डेरा चुलीवर चढवून ठेवला होता. साल मात्र येनाची नव्हती, बाभळीची होती. धुऱ्यावरची, म्हणजे शेताच्या बांधावरची, एक बाभूळ दोन दिवसांपूर्वीच नांगरासाठी तोडली होती, तिची ओली साल तिने काढून, ठेचून ठेवली होती. येनाची साल चालते, पण बाभळीचं पाणी जाळ्याला जास्त धरून राहतं, असं तिचं म्हणणं. आमच्या भागात प्रत्येक धुऱ्यावर बाभळी आहेत. जंगलात जायची गरज नाही, कोणाची परवानगी काढायची गरज नाही, हे तेव्हाच माझ्या डोक्यात आलं.

तिने जाळ मोठा होऊ दिला नाही. पाण्याला उकळी फुटायला लागली की एखादं लाकूड बाहेर ओढायची. उकळलं की चिकट लेंदा सुटतो, मग पाणी कामाचं राहत नाही, असं तिने सांगितलं. माझे आधीचे अर्क बुळबुळीत का होत होते, ते मला तिथे समजलं. मी पर्समधून थर्मामीटर काढून डेऱ्यात धरलं आणि आकडा वहीत लिहून घेतला. तिला त्याची गंमत वाटली. किती ताप आला माझ्या डेऱ्याले, असं विचारत होती.

पाणी झालं की नाही हे ती जिभेवर बघायची. तिने पळीभर निववून माझ्यापुढे धरलं.

"जीभ आखडली पायजे. आखडली नाई तं साल फेकून द्याची."

मी चाखलं. कच्चा आवळा चावल्यासारखं तोंड आवळलं, गाल आत ओढले गेले. ती समाधानाने मान हलवत होती. मग तिने मला भात आणि तलावातल्या मासोळीचं कालवण वाढलं. जेवताना मी कुठल्या घरची, वडील काय करतात, लग्न जमलं का, सगळं विचारून झालं. आमच्या घरी भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर आहे, असं मी सांगितलं, तर म्हणाली, आमच्या गावच्या मास्तरच्या घरीबी हाये.

सोमवारी मी अर्काची बाटली प्रयोगशाळेत तपासली. टॅनिन भरपूर होतं, चिकट घाण कमी. त्यानंतर स्टीलची टाकी मागितली, मालकांनी दिली. बाभळीची ताजी साल, मंद आच, आटवताना सांभाळून. नुसत्या सालीच्या ग्लूने सांधा धरत होता, पण ठिसूळ होत होता. म्हणून अर्धा सालीचा अर्क आणि अर्धा नेहमीचा फेनॉलचा ग्लू असं मिश्रण केलं. हे प्रमाण सापडायला दिवाळी गेली.

ज्या दिवशी त्याच्या फळ्या प्रेसमधून निघाल्या, त्या दिवशी मिस्त्रींनी पदर उलटायचा प्रयत्न केला. उलटेनात. मी त्यातले तुकडे कापून दिवसभर पाण्यात उकळत ठेवले, कारण फळी भिजल्यावर टिकते का हीच खरी परीक्षा. संध्याकाळी पाच वाजता तुकडे बाहेर काढले. मिस्त्रींनी पटाशी घेतली, सांध्यात घातली आणि जोर लावला. करकर आवाज झाला. मी डोळे मिटून घेतले होते.

"मॅडम, देखो," ते म्हणाले. "लकडी फाटली. जोड नाई सुटला."

खरंच, लाकडाचे तंतू उचकटून निघाले होते आणि सांधा जागच्या जागी होता. मी तो तुकडा घेऊन धावत विनियरच्या शेडकडे गेले. ती पदर निवडत होती. तिने तुकडा उलटापालटा करून पाहिला, वास घेतला आणि म्हणाली, बरं झालं. इतकंच. पण मग शेजारच्या बायांना हाक मारून तो दाखवत होती.

मालकांना दिलेल्या अहवालात मी पाच पानं लिहिली. तापमान, प्रमाण, वेळ, सगळं. तिचा उल्लेख एका शब्दानेही नव्हता. मुद्दाम गाळला असं नाही, पण लिहिताना तसं सुचलंही नाही, आणि हे जास्त वाईट आहे असं मला आज वाटतं. पुढे नागपूरहून एक जाणकार गृहस्थ बघायला आले. त्यांनी टाकी पाहिली, वही चाळली आणि विचारलं, ताज्या सालीचं आणि कमी आचेचं तुम्हाला कसं सुचलं. मालक कौतुकाने माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, मला नाही सुचलं, थांबा, आणि तिला बोलावून आणलं.

ती हात पुसत आली. काय सांगू, असं तिने मला डोळ्यांनीच विचारलं. मी म्हटलं, मले सांगितलं तेच सांगा. तिने सगळं सांगितलं, सासूपासून सुरुवात करून. आणि शेवटी सालीचा तुकडा त्या गृहस्थांच्या हातात देऊन चावून पाहायला लावला. त्यांचं तोंड वाकडं झालं तसे सगळेच हसले, तेही हसले. अहवालाचं पहिलं पान मी त्याच संध्याकाळी नव्याने लिहून काढलं.

फेनॉलचा ट्रक काही बंद झाला नाही. चांगल्या प्लायवूडला तोच ग्लू लागायचा. पण दारांच्या फळ्यांना आणि खोक्यांच्या प्लायला आमचा मिश्र ग्लू कितीतरी वर्षं चालला. आसपासचे शेतकरी बैलगाडीने साल आणून टाकत. साल घ्यायची की परत पाठवायची हे ठरवायचं काम मालकांनी तिला दिलं. ती सालीच्या शेडमध्ये खुर्ची टाकून बसायची, आणि जुनी साल नव्यात मिसळून आणणाऱ्या गाडीवाल्यांशी तिचा वाद मला खिडकीतून ऐकू यायचा. अर्क काढून उरलेला चोथा वाळवून बॉयलरमध्ये जाळायचे. त्या वर्षांत माझं लग्न झालं, मुलगी झाली, आणि बाळंतपणाच्या रजेत टाकी कशी चालली आहे ते ती दर आठवड्याला निरोप पाठवून कळवत राहिली.

दोन हजार सालानंतर मला चामोर्शीच्या एका कॉलेजात शिकवायची नोकरी मिळाली. निरोपाच्या दिवशी मालकांनी शाल दिली. तिने वाळलेल्या झिंग्यांची पिशवी दिली आणि अंबाडीच्या भाजीत टाक, असं बजावलं. गडचिरोलीपर्यंतच्या एसटीत त्या पिशवीचा वास सगळ्या गाडीत भरला. पुढच्या सीटवरच्या बाईने मागे वळून विचारलं, झिंगे कुठले. मी गावाचं नाव सांगितलं. मग तिला मूठभर दिले, आणि आम्ही दोघी ते कसे करायचे यावर आरमोरीपासून गडचिरोलीपर्यंत बोलत गेलो.