हाफटाइमचा प्रश्न

आमचे हे एका दवाखान्यात कंपाउंडर. आठवडाभर गोळ्या मोजायच्या, पट्ट्या बांधायच्या, आणि रविवारी मुलींच्या फुटबॉल टीमची औषधांची पेटी घेऊन मैदानावर धावायचं. टीममधल्या मुली त्यांना 'डॉक्टर' म्हणतात आणि ह्यांनी आजवर एकदाही ती चूक सुधारलेली नाही. स्वतःच्या लग्नातसुद्धा एका वऱ्हाड्याच्या अंगठ्याला ड्रेसिंग करून मग बोहल्यावर चढले होते.

दोन वर्षांपूर्वी ते एका शिबिराला जाऊन आले. डोक्याला मार लागला की रक्त येईलच असं नाही, खेळाडू उठून उभाही राहतो, तरी आत मेंदूला धक्का बसलेला असू शकतो, आणि त्यावर दुसरा साधा मारही महागात पडतो, असं तिथे शिकवलं. विचारायचे पाच प्रश्नही एका कागदावर छापून दिले. आपण कोणत्या मैदानावर आहोत? पहिला हाफ की दुसरा? शेवटचा गोल कोणी केला? मागची मॅच कोणाशी होती? ती आपण जिंकलो का?

ह्यांचं पाठांतर म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मग आमच्या लेकीने मनावर घेतलं. ती त्याच टीमची गोलकीपर. जेवताना ती खुर्चीत मान टाकून जखमी व्हायची, ह्यांनी प्रश्न विचारायचे, तिने उत्तरं द्यायची. आठवडाभर घरात दुसरं बोलणं नव्हतं. शेवटी मीच म्हटलं, "भाजी कशी झालीय, हा प्रश्न नाही का त्यात?"

कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं : उत्तरं बरोबर आली तरी शंका असेल तर खेळाडूला बाहेर बसवा. ती ओळ आम्ही तिघांनीही वाचली होती. तिचा सराव कोणी केला नाही.

पुढच्याच रविवारी सेमीफायनल. पहिल्या हाफमध्ये समोरच्या मुलीचा गुडघा लेकीच्या कानशिलावर बसला. ती पडली, उठली. हे धावत गेले. तिने पाचही उत्तरं धडाधड दिली. पाचवं तर प्रश्न पुरा व्हायच्या आधीच. ह्यांनी लांबूनच मला 'ठीक आहे' अशी खूण केली.

हाफटाइमला ती पाणी प्यायला माझ्यापाशी आली. बाटली हातात धरून म्हणाली, "आई, बाबा आले नाहीत का आज?"

मी हसले. म्हटलं, "चल, नाटकी!" आठवडाभर जखमीचं सोंग काढणारी पोर, मला वाटलं चेष्टा करतेय. तीही हसली, जरा उशिरा. मग परत गोलात जाऊन उभी राहिली.

दुसऱ्या हाफमध्ये एक जोरात मारलेला बॉल तिच्या डोक्याला लागला. तसे शंभर बॉल तिने झेलले असतील. त्या वेळी ती उठली नाही.

ती आहे. हे आधीच सांगते, कारण विचारताना लोक आवाज खाली घेतात. एकोणीस दिवस हॉस्पिटलमध्ये होती, मग घरी आली. आता तिला चोविसावं वर्ष चालू आहे. अर्धं पान वाचलं की डोकं धरते. कुकरची शिट्टी सोसत नाही म्हणून मी सगळं पातेल्यात शिजवते. मी काही रडले नाही. शेजारणी म्हणतात, बाई खंबीर आहे. खंबीर कसली! दात काढताना हिरडीत इंजेक्शन देतात ना, तसं झालंय. जीभ लावली की कळतं इथे काहीतरी आहे, पण ते आपलं वाटत नाही.

हे मात्र रोज स्वतःलाच बोल लावायचे. "मीच विचारलं, मीच खेळू दिलं." मी ऐकायची आणि वाढायची. हाफटाइमचं कोणालाच सांगितलं नाही. लेकीला त्या दिवसाचं काही आठवत नाही, म्हणजे ते ठाऊक असलेली जगात मी एकटीच. आज सांगू, उद्या सांगू करत दोन वर्षं गेली.

गेल्या रविवारी फायनल होती. आमच्या कॅप्टनचं डोकं दुसऱ्या मुलीच्या डोक्यावर आपटलं. ह्यांनी एकही प्रश्न विचारला नाही, दंड धरून तिला बाहेर आणलं.

"डॉक्टर, मी ठीक आहे! विचारा ना काहीही!"

"बस खाली."

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, असं कोणीतरी मागे म्हणालं. टीम हरली. कॅप्टनचे वडील सगळ्यांसमोर ह्यांच्या अंगावर आले. "स्वतःच्या पोरीच्या वेळी कुठे गेली होती ही अक्कल?"

हे पेटी आवरत होते. "नव्हती," एवढंच म्हणाले.

घरी येऊन ते बेसिनपाशी बर्फाच्या पिशव्या धूत होते. लेक आत पडदे ओढून पडली होती. मी म्हटलं, "अहो, त्या दिवशी हाफटाइमला तिने मला विचारलं होतं, बाबा आले नाहीत का म्हणून. मी हसण्यावारी नेलं."

नळ चालूच राहिला.

"हाफटाइमला?"

"हो."

"तेव्हाच सांगितलं असतंस तर मी तिला बसवलं असतं."

"हो."

त्यांनी नळ बंद केला. आता ओरडतील, असं वाटलं. ओरडावं असंच वाटत होतं. ते ओल्या हातांनी स्टुलावर बसले, आतल्या दाराकडे बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "तिला यातलं काही सांगू नकोस. चूक बाबांची झाली, एवढंच तिला माहीत आहे. तेवढंच राहू दे."

मला त्यांचा राग आला आणि स्वतःची लाज वाटली. रडू तेव्हाही आलं नाही. मी बरं म्हटलं आणि उरलेल्या पिशव्या धुवायला घेतल्या.