उपेंद्रचा सर्व्हर

सुरेखाबाईंच्या हातातली भेंडी हातातच राहिली. समोर टीव्हीवर त्यांचा मुलगा उपेंद्र बोलत होता, आणि त्याच्या अंगावर आगीच्या बंबावरच्या माणसांचा गणवेश होता.

“आजी, दॅट्स बाबा!” नात रेवा ओरडली आणि लगेच जीभ चावून आईकडे बघायला लागली. केतकीने, म्हणजे सुनेने, डोळेच मिटून घेतले. म्हणजे घरात सगळ्यांना ठाऊक होतं!

बाई अमरावतीकडच्या. तीन महिन्यांसाठी आयर्लंडला आल्या आणि करोनाने विमानं बंद पाडली, तेव्हापासून वर्षभर वॉटरफोर्डच्या बाजूच्या या लहानशा शहरात अडकलेल्या. पण तक्रार नव्हती. पोरगा घरात, खुर्चीवर बसून काम करतो, याहून आईला काय हवं? फक्त तो मेला सर्व्हर! कमरेची पेजरची डबी किंचाळली की उपेंद्र भरल्या ताटावरून उठायचा. “आई, सर्व्हर पडला!” म्हणत पळायचा. माउली भोळी. देवापुढे उदबत्ती लावून सर्व्हरला बरं वाटू दे म्हणायची. परतल्यावर त्याच्या केसांना धुराचा वास आला, तर शेजारी शेगडीत टर्फ, म्हणजे दलदलीतली वाळवलेली माती, जाळतात, हे उत्तर तयार. थाप मारावी तर अशी, की आईने तिला उदबत्ती ओवाळावी.

थापेला कारण होतं. उपेंद्र लहान असताना गावच्या कापसाच्या जिनिंग कारखान्याला आग लागली. त्याचे वडील गुरुनाथ तिथे फिटर. कापसाच्या धुरातून त्यांनी दोन मजूर बाहेर काढले, तिसऱ्यासाठी आत गेले ते गेलेच. बंब लांबून यायचा होता. तो येईस्तोवर विझवायला काही उरलं नव्हतं. आगीच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही, अशी बाईंनी मुलाला शपथ घातली. कॉम्प्युटर शिकवला तोही त्याचसाठी.

आणि आता हे! टीव्हीवर कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, ऑनलाइन सभा चालली होती; रेवाला शाळेने बघायला सांगितली होती. नव्या अग्निशमन केंद्राला पैसा कुठून आणायचा, यावर खडाजंगी होती. घरपट्टी वाढवा म्हटलं की अर्धे उसळत, मैदान विका म्हटलं की उरलेले. शेवटी एकजण म्हणाला, बांधायचंच कशाला? जुनंही बंद करा. शेजारच्या शहराचा बंब येईल की. इट्ल बी ग्रँड, होईल सगळं ठीक! त्यालाच उत्तर द्यायला केंद्रातल्या माणसांनी उपेंद्रला पुढे केलं होतं. इथे बंबावर पगारी माणसं दिवसभर बसून नसतात. बेकरीवाला, मेकॅनिक, जो केंद्राजवळ राहतो आणि तिथेच काम करतो, तो डबी वाजली की धावतो. करोनात ऑफिस घरी आलं, घर केंद्राजवळच, आणि उपेंद्रही त्यांच्यात गेला.

“काय म्हन्ते थो?” बाईंनी कसंबसं विचारलं.

“दे माइट क्लोज इट, आजी. द अदर वन टेक्स हाफ ॲन अवर.”

बाईंना शेवटचं तेवढं कळलं. अर्धा तास!

निर्णय पुढच्या सभेवर ढकलला गेला. उपेंद्र घरी आला तेव्हा केतकीचा चेहरा बघूनच त्याला काय ते समजलं.

“काऊन रे? आईले फसवतं? शपथ मोडतं?”

“आई, तू जाऊच दिलं नसतंस.”

“नसतंच जाऊ देलं!” बाईंना रडू फुटलं. “त्या जिनिंगच्या दारात उभी होती मी. बंब आला काय, आला काय, करत…”

तेवढ्यात त्याच्या कमरेची डबी किंचाळली.

उपेंद्र डबीवर हात दाबून आईकडे बघत राहिला. तिने नाही म्हटलं असतं, तर तो त्या दिवशी गेला नसता.

बाईंनी पदराने डोळे पुसले.

“पाहून काय राह्यला? कोनीतरी दारात उभं असन. जाय. सर्व्हर पडला.”

दार आपटलं. बाई देवापुढे गेल्या. त्यांनी काडी ओढली. उदबत्ती कुणासाठी लावतोय, हे आज पहिल्यांदाच त्यांना ठाऊक होतं.