काळ्या बॉनेटवरचा डाग

"डाग दाखवा, चहा माझा!" गाडीचं काम संपलं की काका मला माझ्या झेरॉक्सच्या दुकानातून ओढत नेत आणि हातात बॅटरी देत.

पनवेलला माझ्या शेजारीच गाड्यांना सिरॅमिक कोटिंग करणारं दुकान आहे. काका तिथे कामाला. मूळचे उरणचे, पूर्वी होड्या रंगवणारे. तुम्ही हे काम पाहिलंय का कधी? औषध पत्र्यावर लावायचं, जरा थांबायचं, मग एका फडक्याने पुसून घ्यायचं आणि दुसऱ्याने चमक आणायची. कुठे थोडं राहिलं तर तेलकट रंगीत डाग पडतो आणि बघता बघता घट्ट बसतो. मग तो फडक्याला दाद देत नाही, मशीनने घासावा लागतो.

काकांना घड्याळ लागत नसे. "फडका जरा अडाकला का समजायचा, टाइम झाला," म्हणत.

मी बॅटरी तिरकी धरून डाग शोधायचो. सापडला की काका बोट टेकवून विचारत, "हितं?" पुसत आणि चहा मागवत. मला वाटायचं, म्हातारा चहा पाजायला निमित्त शोधतोय.

त्या दिवशी काळी गाडी होती. बॉनेटच्या मधोमध तळहाताएवढा डाग, रस्त्यावरच्या माणसालाही दिसावा असा. मला थट्टेची लहर आली. म्हटलं, "काका, आज चहा बुडाला. एकही डाग नाही!"

आता ते मला खोटं पाडणार, म्हणून मी वाट बघत राहिलो.

"नाय ना? मंग!" काका हसले. बघत होते थेट त्या डागाकडेच. माझ्या हातातली बॅटरी घेऊन बंद केली आणि फडकी गोळा करायला लागले.

काकांना दिसत नव्हतं. इतके महिने मी चहा पीत होतो, आणि त्यांची नोकरी माझ्या डोळ्यांवर चालली होती! तेव्हाच ओरडून सांगायला हवं होतं. पण काकांचा मालक दारातच फोनवर बोलत उभा होता, त्याला कळेल म्हणून मी थांबलो. तो फोन ठेवून आत आला, तोवर डाग घट्ट बसला होता.

"काका, हा दिसत नाही तुम्हाला?" मालकाने विचारलं. काका भलतीकडेच बघू लागले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांना येऊ नका सांगितलं. जाताना ते माझ्या दुकानात आले, दोन्ही हातांत चहाचे ग्लास.

"तुमाला दिसला व्हता डाग?"

मी नुसती मान हलवली. त्यांनी पुन्हा तेच विचारलं.

"दिसला होता, काका."

"मंग चहा माझा," ते म्हणाले, आणि कोपराने काउंटरची कड चाचपून माझा ग्लास हळूच खाली ठेवला.